पोतनीसांनी घेतलेलं सॅम्पल

जबलपुरातल्या चेरीतालच्या गुणवंत पोतनीसांच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी ती पास व्हावी लागे. दूध असो, गॅसचं सिलिंडर असो की जावई. सिलिंडरच्या तोंडाला साबणाचा फेस लावून, बुडबुडा येत नाही ना हे बघितल्याशिवाय शेगडी पेटत नसे. नवा पंखा बसवला तेव्हा त्याच्याखाली ते एकटेच खुर्ची टाकून बसले, पडायचाच असेल तर आपल्यावर पडू दे म्हणून. एकुलती एक मुलगी अवंतिका हिच्या नव्या स्कूटीवरून ते आधी स्वतः शहपुऱ्यापर्यंत जाऊन आले, परतले तेव्हा गुडघा सोललेला होता, आणि स्कूटी पास, रस्ता नापास असा निकाल त्यांनी दारातच दिला. जावईही पास झाला म्हणा, पण बऱ्याच बैठकांनंतर.

याला थोडंफार रक्तही कारणीभूत असावं. पोतनीसांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत खजिन्याच्या कामावर इकडे आले आणि वसुलीत आलेलं प्रत्येक नाणं दाताखाली चावून बघत, असं गुणवंतराव सांगत. खरं-खोटं नर्मदामाईला ठाऊक. पण खरं कारण त्यांची नोकरी. उभी हयात त्यांनी तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीत, तपासणी विभागात काढली होती. तिथली रीत अशी की, मालाचा एक लॉट तयार झाला की त्यातले थोडे नग वेगळे काढायचे आणि प्रूफ रेंजवर नेऊन प्रत्यक्ष डागून बघायचे. ते नीट उडाले की उरलेला लॉट पास. जबलपुरात भर दुपारी लांबून धम्म असा आवाज येतो आणि खिडकीची काच थरथरते, तेव्हा पाहुणे दचकतात आणि घरचे लोक शांतपणे वरणावर तूप वाढून घेतात. कुठल्यातरी लॉटचं सॅम्पल गेलेलं असतं.

ही रीत निवृत्त झाल्यावर गुणवंतरावांनी घरी आणली. आंब्याची पेटी आली की पहिला आंबा ते उभ्याउभ्या कापत, डोळे मिटून खात आणि मान हलवत. पेटी मोठी असली तर म्हणत, मोठा लॉट आहे, अजून एक सॅम्पल लागेल. पेट्या दिवसेंदिवस मोठ्या होत चालल्या आहेत हे त्यांच्या बायकोच्या, प्रमोदिनीबाईंच्या लक्षात आलं होतं. त्या हसून सोडून देत.

प्रमोदिनीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पृथ्वी गोल आहे हे पटवायला त्या अख्ख्या वर्गाला टेबलाभोवती चालवत. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. मेंदूतून निघणाऱ्या नसांवरचं वेष्टण जागोजागी उडून जातं, असं डॉक्टर शैलेंद्र यांनी समजावलं तेव्हा गुणवंतरावांना ते लगेच कळलं. वायरचं इन्सुलेशन गेलं की काय होतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सुरुवातीला दुखणं पाहुण्यासारखं यायचं आणि जायचं. कधी एका डोळ्यापुढे धुकं, कधी हात बधिर, मग काही आठवड्यांनी पुष्कळसं पूर्वीसारखं. पुढे हे झटके यायचेच बंद झाले. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकं तेव्हापासून पाय हळूहळू जड व्हायला लागले.

डॉक्टर म्हणाले, हा आजाराचा पुढचा टप्पा. आता तो येत-जात नाही, गुपचूप पुढे सरकत राहतो.

तो कुठवर सरकला हे प्रमोदिनीबाई आपल्या मापाने मोजत होत्या. आधी त्या संध्याकाळी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या खोव्याच्या जिलबीच्या दुकानापर्यंत जात. मग दुकान सुटलं आणि फाटक राहिलं. फाटकाला टेकून त्या शेजारच्या यामिनी दीदींशी गप्पा मारत, भाजीवाल्याशी घासाघीस करत आणि शाळेतून परतणाऱ्या पोरींना राजधान्या विचारून हैराण करत. फाटकही सुटलं तर खोली तेवढी उरेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि फाटक सोडायला त्या मुळीच तयार नव्हत्या.

म्हणून डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी सुचवली तेव्हा त्या तिथेच हो म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, पण जे जातंय त्याचा वेग कमी होऊ शकेल, एवढंच डॉक्टरांनी कबूल केलं होतं. एवढं त्यांना पुष्कळ होतं.

गुणवंतराव मात्र म्हणाले, आधी तपासणी होऊ द्या. आणि आश्चर्य म्हणजे डॉक्टरही तेच म्हणाले. शरीर हे औषध किती भरभर पचवतं हे बघायला रक्त बाहेरगावी गेलं, कारण त्यावर गोळीचा रोजचा डोस ठरणार होता. हृदयाचा आलेख निघाला, डोळ्यांचा पडदा बघून झाला, यकृताची तपासणी झाली. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, असं विचारलं तर प्रमोदिनीबाईंना आठवेना. त्यांची नागपूरची मोठी बहीण फोनवर छातीठोकपणे आल्या होत्या म्हणाली, पण रक्ताच्या तपासणीने बहिणीला खोटं पाडलं. मग लस, आणि लशीनंतर थांबणं. त्या सध्या कुठली औषधं घेतात हे डॉक्टरांनी एकेक करून विचारून घेतलं. घरात आणखी कोण काय घेतं हे त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायचं काही कारणच नव्हतं.

गुणवंतरावांना हा डॉक्टर फारच आवडला. आपल्या विभागात असता तर फोरमन झाला असता, असं ते चारचौघांत सांगत. प्रमोदिनीबाईंना डॉक्टर पटत होता, पण वाट बघवत नव्हती. त्या थांबण्याच्या काळात फाटकाकडे जाताना त्यांचा मोकळा हात भिंतीला टेकायला लागला होता.

शेवटी सगळं पार पडलं आणि गोळ्यांचं सुरुवातीचं पाकीट घरी आलं. ते थंडाव्यात ठेवायचं होतं. गुणवंतरावांनी फ्रीजचा अख्खा मधला कप्पा रिकामा केला, लोणच्याची बरणी हद्दपार केली आणि शेजारी थर्मामीटर ठेवला. डॉक्टरांचं सांगणं सोपं होतं: पहिले काही दिवस डोस थोडाथोडा वाढवत न्यायचा, म्हणून पाकिटातल्या गोळ्या ओळीनेच घ्यायच्या. या दिवसांत एकही चुकली तर नवं पाकीट आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिली गोळी घेतल्यावर नाडी थोडी मंदावते, आणि प्रमोदिनीबाईंची नाडी मुळातच संथ, म्हणून ती सोमवारी सकाळी हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची.

रविवारी दुपारी गुणवंतरावांनी भिंग घेऊन पाकिटातला घडीचा कागद वाचायला घेतला, आणि तिथेच घात झाला. काय काय होऊ शकतं याची त्यात लांबच लांब यादी होती. वाचता वाचता त्यांनी त्यातलं प्रत्येक दुखणं आपल्या बायकोला झालेलं पाहिलं. हृदय मंदावू शकतं, या ओळीवरून तर भिंग पुढे सरकेना. आणि मग एक प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो निघायला तयार होईना. प्रमोदिनीची तपासणी झाली, रक्ताची, डोळ्यांची, हृदयाची झाली. गोळीची कुणी केली?

त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पहिल्या दोन दिवसांच्या गोळ्या अगदी सारख्या, एकाच मापाच्या होत्या. डोस वाढवायचा असं डॉक्टर म्हणतात, मग या दोन सारख्या कशाला? साध्या माणसाला वाटलं असतं की सुरुवात हळू करायची म्हणून. गुणवंतरावांना वाटलं की कंपनीत कुणीतरी आपल्यासारखा शहाणा माणूस आहे आणि त्याने एक नग प्रूफसाठी जास्तीचा दिला आहे.

सोमवारी भल्या सकाळी, प्रमोदिनीबाई आंघोळीला गेलेल्या असताना, त्यांनी चहाबरोबर आधी आपली रोजची बीपीची गोळी घेतली आणि तिच्यामागून पहिल्या खाचेतलं सॅम्पल घेतलं. खुर्चीत बसून वाट पाहिली. काहीच झालं नाही. अवंतिका सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या कचेरीत रजा टाकून गाडी घेऊन आली, तिघं निघाले, तरी काहीच झालं नाही. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मनातल्या मनात लॉट पास केला आणि ते इतके खूश झाले की चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला त्यांनी नमस्कार केला.

प्रमोदिनीबाई आणि अवंतिका लिफ्टने वर गेल्या; हॉस्पिटलचा जिना चढताना गुणवंतरावांना पाय जरा शिशाचे वाटले. वय झालं, असं त्यांनी ठरवलं.

आत प्रमोदिनीबाईंना खाटेवर बसवलं, हृदयाचा आलेख पुन्हा काढला, बीपी पाहिलं. त्यांनी नवी निळी साडी नेसली होती आणि परीक्षेच्या पहिल्या दिवशी हुशार मुली बसतात तशा त्या ताठ बसल्या होत्या. सलोनी नावाच्या तरुण सिस्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला, पाकीट उघडलं आणि ती थबकली. पहिली खाच रिकामी होती.

"आंटीजी, एक आप घर से ही खाकर आई हैं क्या?"

प्रमोदिनीबाईंनी नाही म्हटलं. अवंतिकाने पाकीट हातात घेऊन पाहिलं, पिशवी झटकली, खाली वाकून फरशी पाहिली. मग तिघींनी एकाच वेळी गुणवंतरावांकडे पाहिलं. ते खाटेचा दांडा घट्ट धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पिवळट पडला होता.

"एक प्रूफला गेली," ते म्हणाले. "पण दुसरी सेम आहे. ती द्या."

एवढं बोलून ते जमिनीवर बसायला निघाले. सलोनीने आणि अवंतिकाने त्यांना मधल्या मध्ये झेललं. प्रमोदिनीबाई काठी शोधून आपण होऊन खाटेवरून उतरल्या, कारण दुसरी खाट रिकामी नव्हती. बायकोसाठी आरक्षित केलेल्या खाटेवर, बायकोसाठी घातलेल्या स्वच्छ चादरीवर गुणवंतराव आडवे झाले, आणि तिच्यासाठी तयार ठेवलेल्या तारा त्यांच्या छातीवर चिकटल्या. नाडी चाळिशीत रेंगाळत होती.

डॉक्टर शैलेंद्र आले, आलेख पाहिला, काय काय घेतलं ते विचारलं. बीपीच्या गोळीचं नाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"अंकल, आपकी वो गोली भी दिल को धीमा करती है," ते म्हणाले. "दोनों ने मिलकर ब्रेक दबा दिया. आंटी के लिए हमने महीनों जाँच इसीलिए की थी. आपकी किसने की?"

तपासणी विभागात उभी हयात काढलेल्या माणसाला हा प्रश्न फार लागला. सारख्या दोन गोळ्यांचा आपला सिद्धांत त्यांनी क्षीण आवाजात मांडून पाहिला. डॉक्टरांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि सांगितलं की पहिले दोन दिवस शरीराला सवय व्हावी म्हणून डोस तितकाच ठेवलेला असतो, त्यात जास्तीचं काही नसतं, आणि एकाच्या नावाचं औषध दुसऱ्याने चाखायचं नसतं. आता हे पाकीट निकामी. नवं मागवायचं. तोवर आंटींची सुरुवात नाही.

अवंतिका औषधवाल्याला फोन करून आली. नवं पाकीट भोपाळहून येणार होतं, म्हणजे आणखी आठवडा गेला. "बाबा, यू आर टू मच," एवढंच ती म्हणाली आणि खाली कॅन्टीनमध्ये निघून गेली, कारण थांबली असती तर आणखी पुष्कळ बोलली असती.

प्रमोदिनीबाई स्टुलावर बसून राहिल्या. त्या रागावल्या होत्या, नुसत्या रागावल्या नव्हत्या, आतून पेटल्या होत्या. इतके महिने त्यांनी निमूटपणे हात पुढे केला होता, सुया टोचून घेतल्या होत्या, वाट पाहिली होती, आणि आज नवी साडी नेसून आल्या होत्या. समोर नवरा तारांच्या जाळ्यात पडून, शाळेत पकडलेल्या पोरासारखा छताकडे बघत होता. त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजायला त्या आपल्यासाठी शिकल्या होत्या. बोटांखाली एक ठोका आला, मग बराच वेळ काही आलं नाही, मग दुसरा आला. त्या मधल्या वेळात त्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना धडकी भरली.

तेवढ्यात लांबून धम्म आवाज आला. खिडकीची काच थरथरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "रेंजवर सॅम्पल नेतात, त्याचं पुढं काय होते?"

"डागतात."

"मग?"

"मग काय? संपलं. ते थोडीच परत येते."

"आणि लॉट पास होते."

"हो."

"अच्छा. म्हणजे तुम्ही गेले असते अन् मी पास झाली असती. मग पास होऊन मी काय करू? फाटकापर्यंत कोणाशी भांडत जाऊ?"

गुणवंतराव छताकडे बघतच म्हणाले, "मला भीती वाटून राहिली होती, प्रमोदिनी. वाटलं, तुझ्याऐवजी मला होऊ दे. तुझे पाय जाऊन राहिले तेव्हा मला काहीच करता आलं नाही. हे तरी करता येईल म्हटलं."

"भीती मलाही वाटते. पण गोळी माझी आहे, अन् भीतीही माझी आहे. ती तुम्ही काहून खाऊन राहिले?" त्यांनी पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने नवऱ्याचेही पुसले, कारण तारांमुळे त्यांना हात उचलता येत नव्हता. "तुम्ही फक्त बाजूला बसायचं. दुसरं काम नाही."

दुपारनंतर ठोके हळूहळू वर आले. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना सोडलं आणि जाताना सलोनीने त्यांच्या फाईलवर पेशंटचं नाव प्रमोदिनी असं पडलंय हे दाखवलं. ते त्यांनी निमूटपणे दुरुस्त करून घेतलं.

पुढचा आठवडा गुणवंतरावांना जड गेला. फ्रीज उघडायला बंदी होती. चहाला दूध हवं असलं तर मागावं लागे, आणि लोणच्याची बरणी सन्मानाने मधल्या कप्प्यात परतली होती. भोपाळहून पाकीट आलं ते प्रमोदिनीबाईंनी स्वतः सही करून घेतलं आणि बरणीच्या मागे ठेवलं. गुणवंतरावांनी ते लांबूनसुद्धा पाहिलं नाही. यामिनी दीदींना सगळी हकिकत कळली होती, त्यामुळे त्या कुंपणापलीकडून रोज त्यांची नाडी विचारत.

ठरल्या दिवशी पुन्हा तीच खाट, तीच निळी साडी. सलोनीने पाकीट उघडून आधी सगळ्यांना दाखवलं. पूर्ण होतं. प्रमोदिनीबाईंनी गोळी उचलली, क्षणभर तळहातावर ठेवून पाहिली आणि पाण्याबरोबर घेतली. मग मनगट नवऱ्यापुढे केलं.

वर मशीन आकडे दाखवतच होतं. तरी गुणवंतराव घड्याळ लावून मोजू लागले, आणि नोकरीत कधी एक आकडा न चुकलेल्या या माणसाचा हिशोब त्या दिवशी पुन्हा पुन्हा चुकला, कारण घड्याळाकडे बघायचं सोडून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नाडी थोडी उतरली, तिथे थोडी थांबली आणि दुपारी आपणहून वर आली. डॉक्टरांनी आलेख पाहून घरी जायला सांगितलं. उद्याची गोळी घरी, ओळीने, न चुकता. ताप-खोकला आला, दिसायला अंधुक वाटलं तर लगेच कळवायचं, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. हे सगळं ते प्रमोदिनीबाईंकडे बघून बोलले.

परतताना कोपऱ्यावर प्रमोदिनीबाईंनी गाडी थांबवायला लावली. अवंतिका म्हणाली, मी आणून देते. त्यांनी ऐकलं नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने नवऱ्याचा दंड धरून त्या गाडीपासून दुकानाच्या फळीपर्यंत गेल्या. अंतर कितीसं होतं म्हणा, पण त्यासाठी दोनदा थांबावं लागलं. दुकानदाराने त्यांना ओळखलं, बऱ्याच दिवसांनी आलात म्हणाला आणि खोव्याच्या काळपट, गरम जिलब्या द्रोणात भरून पुढे केल्या.

गुणवंतरावांचा हात सवयीने पहिल्या जिलबीकडे गेला. वाटेत थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि द्रोण बायकोपुढे धरला.

प्रमोदिनीबाईंनी काठी फळीला टेकवली. पहिली जिलबी उचलून तिचा घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. गुणवंतराव द्रोण धरून निकालाची वाट बघत उभे राहिले.

"पास," त्या म्हणाल्या. मग द्रोणाकडे नीट पाहून त्यांनी पुन्हा हात पुढे केला. "पण लॉट मोठा आहे. अजून एक सॅम्पल लागेल."